टार्जिओनिया हायपोफिला : सह्याद्रीतील एक लिव्हरवर्ट शोधणे, ओळखणे आणि वाढवणे

वनस्पतिशास्त्र शिकलेल्या बहुतेकांना रिक्सिया आणि मर्केंशिया ही लिव्हरवर्टांची, म्हणजे मॉससारख्या फुले व बी नसलेल्या लहान हिरव्या वनस्पतींची, दोन नावे आठवतात, परंतु त्या वनस्पती त्यांनी प्रयोगशाळेतल्या बरणीत किंवा भिंतीवरच्या तक्त्यावरच पाहिलेल्या असतात. जिवंत लिव्हरवर्ट त्याच्या जागेवर पाहण्याची इच्छा असेल, तर महाराष्ट्रातील नवशिक्याने सुरुवात टार्जिओनिया हायपोफिला या जातीपासून करावी, असे माझे मत आहे. ही जाती नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतकी मोठी आहे, ती पाऊस संपल्यावर नाहीशी होत नाही, आणि तिचे फलनाचे अवयव एकदा पाहिले की दुसऱ्या कोणत्याही लिव्हरवर्टाशी तिची गल्लत होण्याची शक्यता फार कमी उरते. टार्जिओनिया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनी १७२९ मध्ये वर्णिली आणि लिनियस यांनी १७५३ मध्ये या जातीला आजचे नाव दिले. भूमध्य समुद्राभोवतीचे प्रदेश, आफ्रिका आणि उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग येथे ती आढळते; भारतात हिमालय, माउंट अबू, पचमढी, महाबळेश्वर आणि दक्षिणेतील डोंगरांवरून तिची नोंद आहे. जगात लिव्हरवर्टांच्या सुमारे ७,००० जाती आहेत, त्यामुळे एका जातीपासून आरंभ करणे हाच सोयीचा मार्ग ठरतो.

ओलावा आणि सावली कशासाठी लागते

शोधाला निघण्यापूर्वी या वनस्पतीची शरीररचना थोडी समजून घ्यावी, कारण जागा ओळखण्याचे सगळे नियम त्या रचनेतूनच निघतात. टार्जिओनियाला खरे मूळ, खोड किंवा पान नसते. तिचे शरीर म्हणजे साधारण दोन ते पाच मिलिमीटर रुंद आणि एक-दोन सेंटिमीटर लांब अशी हिरवी, चिवट पट्टी असते. तिला कायक म्हणतात. कायकाच्या खालच्या बाजूने निघालेले एकपेशीय धागे, म्हणजे मूलाभ, तिला मातीला धरून ठेवतात. पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या तिच्यात नाहीत. त्यामुळे मोठी झाडे जसे खोल जमिनीतले पाणी वर ओढून घेतात तसे तिला करता येत नाही, आणि जे पाणी शरीराला टेकलेले असेल तेवढेच तिच्या उपयोगाचे असते. कायकाच्या वरच्या बाजूस हवेची बारीक छिद्रे असतात. ती पानांवरच्या पर्णरंध्रांप्रमाणे गरजेनुसार मिटत नाहीत, म्हणून हवा कोरडी झाली की शरीरातले पाणी वेगाने उडून जाते.

फलनासाठीही पाणी लागते. नर पेशींना दोन कशाभिका, म्हणजे शेपटीसारखे हलणारे धागे, असतात आणि त्या पोहत मादी अवयवापर्यंत जातात. हे अंतर काही मिलिमीटरांचेच असते, परंतु तेवढ्या वाटेवर पाण्याचा अखंड पातळ थर नसेल तर फलन होत नाही. रिमझिम पाऊस, दाट धुके किंवा दगडातून झिरपणारे पाणी यांपैकी काहीही त्यासाठी पुरते.

सावलीविषयी मात्र नवशिक्यांचा गैरसमज असतो. या वनस्पतीला उजेड नको असतो असे नाही. तीही प्रकाशसंश्लेषणावरच जगते, आणि फार अंधाऱ्या जागी तिची पट्टी फिकट, अरुंद व लांबट होते. सावलीचे मुख्य काम वाळण्याचा वेग कमी करणे हे आहे. म्हणून जिथे आकाश मोकळे दिसते पण थेट ऊन पडत नाही, अशी जागा तिला सर्वाधिक मानवते.

टार्जिओनियाचा आणखी एक गुण तिला इतर अनेक लिव्हरवर्टांपासून वेगळे करतो. ओलावा संपला की तिच्या कायकाच्या दोन्ही कडा वर वळून आत मिटतात, हिरवा भाग झाकला जातो आणि खालच्या बाजूचे काळसर जांभळे खवले बाहेर येतात. या अवस्थेत ती कित्येक महिने कोरडी राहू शकते व पाणी मिळताच पुन्हा उलगडते. एप्रिलमध्ये घाटरस्त्याच्या कडेला मातीवर काळ्या, सुरकुतलेल्या रेघा दिसल्या, तर त्या मेलेल्या समजून पुढे जाऊ नये. त्यांवर थोडे पाणी शिंपडून थांबावे.

जागा कशी निवडावी

नवशिक्याचा सर्वाधिक वेळ येथेच वाया जातो. वनस्पती शोधण्याच्या नादात तो जंगलाच्या तळावर, झाडांच्या बुंध्याशी आणि कुजलेल्या पाल्यात वाकून पाहत राहतो. तिथे ओलावा आणि सावली दोन्ही असूनही टार्जिओनिया सहसा सापडत नाही. याचे कारण पालापाचोळा हे आहे. काही मिलिमीटर उंचीच्या वनस्पतीवर साग किंवा अंजनीची दोन पाने पडून राहिली तरी तिचा उजेड बंद होतो. म्हणून ज्या पृष्ठभागावर पाने ठरत नाहीत, असा उभा किंवा तीव्र उताराचा पृष्ठभाग आधी पाहावा. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीची बाजू, पायवाटेच्या कडेचा मातीचा बांध, जुन्या दगडी पायऱ्यांचे उभे अंग, चौथऱ्याच्या दगडांमधील सांधे, विहिरीच्या कठड्याची आतली बाजू ही अशी ठिकाणे आहेत. तिथे मातीचा थर पातळ असल्याने गवत व मोठी रोपे जोर धरत नाहीत, आणि त्यांच्या स्पर्धेतूनही या वनस्पतीची सुटका होते.

दुसरी गोष्ट दिशेची. महाबळेश्वर साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण त्यातील बराचसा काळ ढगांचा असल्यामुळे त्याचा उपद्रव होत नाही. खरा प्रश्न पाऊस ओसरल्यानंतर सुरू होतो. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि डिसेंबरात दुपारी तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेली दरड दिवसभर तापते, तर उत्तरेकडे तोंड असलेल्या उभ्या दरडीवर थेट ऊन जवळजवळ येतच नाही. पावसाळ्यात दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या दिसतात, म्हणून जागेची पारख जुलैत करू नये. ऑक्टोबरमध्ये सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळेत रस्त्याने चालत जावे, मोबाइलमधील होकायंत्राने दिशा पाहावी, आणि त्या वेळीही ज्या दरडी सावलीत आहेत त्यांची नोंद करून ठेवावी. पुढच्या वर्षी शोध त्या दरडींपासूनच सुरू करावा.

तिसरी गोष्ट पाण्याची. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, पण पडलेले पाणी किती आहे यापेक्षा ते पृष्ठभागावर किती वेळ टिकते हे अधिक महत्त्वाचे आहे. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे तो पाणी शोषून घेतो आणि पाऊस थांबल्यावरही बराच काळ ते हळूहळू सोडत राहतो. काळ्या कातळात हे काम भेगांमध्ये साठलेली माती करते. जागा तपासण्याची सोपी रीत अशी, की टिपकागदाचा किंवा साध्या पेपर नॅपकिनचा तुकडा मातीवर क्षणभर दाबून धरावा. कागद ओलसर झाला पण त्यातून पाणी निथळले नाही, तर ती जागा योग्य आहे. पाणी सतत वाहत असेल तर मूलाभ मातीत धरत नाहीत आणि बारीक मातीही धुपून जाते.

सावली व ओलाव्याची पातळी बदलली की रहिवासीही बदलतो, हे लक्षात ठेवल्यास ओळखीचे काम अर्धे होते. उघड्या शेतात, भातखाचरांच्या बांधावर आणि कुंड्यांतील ओल्या मातीवर गोल पसरलेले रिक्सिया दिसते. दाट जंगलातील ओढ्याकाठी सतत भिजणाऱ्या दगडांवर डुमॉर्टिएरा असते. तिचा कायक मोठा, गडद हिरवा व काहीसा पारदर्शक असतो आणि त्यावर हवेची छिद्रे दिसत नाहीत. अंधाऱ्या मोऱ्यांत, गुहांच्या तोंडाशी व जांभ्याच्या विहिरींत पावसाळ्यापुरते सायथोडियम उगवते. ते अतिशय पातळ असून विशिष्ट कोनातून पाहिल्यास सोनेरी-हिरवे चमकते. ही चमक त्याची स्वतःची नसते, बाहेरून आलेला मंद उजेड त्याच्या पेशींतून परत फिरतो. बडोद्यात वनस्पतिशास्त्रज्ञ ए. आर. चव्हाण यांनी १९३७ मध्ये सायथोडियमची एक जाती वर्णिली व तिला त्या शहराचेच नाव दिले. टार्जिओनियाची जागा या सर्वांच्या मध्ये, म्हणजे पातळ मातीच्या, ओलसर आणि उजेडी सावलीच्या दरडींवर आहे.

हंगाम आणि साहित्य

जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर जुने कायक उलगडतात आणि त्यांच्या टोकांना व खालच्या बाजूस नवी वाढ सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये वाढ जोमात असते, पण त्या दिवसांत घाटात दरडी कोसळतात, म्हणून मोठ्या पावसात कापलेल्या कड्याखाली उभे राहून निरीक्षण करू नये. माझ्या मते सप्टेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर हा काळ नवशिक्यासाठी उत्तम आहे, कारण तेव्हा फलनाचे अवयव शोधणे सोपे जाते आणि वाटाही चालण्याजोग्या झालेल्या असतात.

साहित्य फारसे लागत नाही. सोनार व घड्याळजी वापरतात तसले, दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, पाण्याची लहान फवारणी बाटली, बोथट चाकू, वर्तमानपत्राच्या कागदाची पाकिटे, शिसपेन्सिल आणि वही एवढे पुरे. शाई पावसात पसरते, म्हणून पेन नको. भिंग विकत घेताना काटकसर करू नये. बाकीचे सारे घरातले चालते.

भिंगाखाली ओळख पटवणे

भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरावे आणि चेहरा वनस्पतीजवळ न्यावा. भिंग हातभर अंतरावर धरून पाहणाऱ्याला अस्पष्ट हिरव्या रंगापलीकडे काही दिसत नाही. आधी दिसणारी वस्तू लिव्हरवर्ट आहे का, हे ठरवावे. स्वयंपाकघरात मसाल्यासाठी वापरतात ते दगडफूल ज्या गटातले आहे, ते पानासारखे पसरणारे लायकेन बहुधा राखाडी असतात आणि कोरडे झाल्यावर कुरकुरीत तुटतात. नेच्यांच्या जीवनचक्रातील पूर्वकायक, म्हणजे नेच्याची पाने येण्यापूर्वीची लहान सपाट अवस्था, हे सर्वाधिक फसवे असतात, कारण तेही हिरवे, सपाट आणि मूलाभ असलेले असतात. मात्र ते हृदयाच्या आकाराचे, बरेच लहान व नाजूक असतात आणि त्यांवर छिद्रे नसतात. अँथॉसिरॉस या लिव्हरवर्टांसारख्याच पण वेगळ्या गटातील वनस्पतीचे गडद हिरवे, गुळगुळीत गोल चट्टे असतात व त्यांतून शिंगांसारखे उभे अवयव निघतात. त्याच्याही पृष्ठभागावर हवेची छिद्रे नसतात.

टार्जिओनियाच्या वरच्या पृष्ठभागावर भिंगातून फिकट ठिपके दिसतात. तीच हवेची छिद्रे. कायकाची कड बहुधा काळपट जांभळी असते. एक तुकडा हलकेच उचलून उलटा करावा, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना गडद जांभळ्या खवल्यांची एकेक ओळ आणि मधून निघालेले मूलाभ दिसतील. फांद्या फुटण्याची पद्धतही पाहावी. टोकाशी दुभंगून दोन समान फांद्या होणे येथे क्वचित घडते. नव्या फांद्या बहुतेक वेळा मध्यरेषेजवळ खालच्या अंगाने निघतात आणि बुडाशी अरुंद असतात, त्यामुळे पट्ट्या एकमेकींना जोडून लावल्यासारख्या दिसतात.

निर्णायक खूण मात्र टोकाच्या खाली असते. मर्केंशिया, प्लॅजिओकॅस्मा, रेबुलिया आणि अ‍ॅस्टरेला या लिव्हरवर्टांत फलनाचे मादी अवयव देठावर उचललेले असतात. प्लॅजिओकॅस्मामध्ये तो देठ कायकाच्या वरच्या बाजूने, मधल्या रेषेवरून उगवतो. रेबुलिया व अ‍ॅस्टरेला यांत तो टोकाशी असतो, आणि अ‍ॅस्टरेलाच्या डोक्याखाली पांढरट, चिरा पडलेली आवरणे लोंबतात. टार्जिओनियात असा देठच नसतो. कायकाच्या टोकाखाली, खालच्या बाजूला, काळे-जांभळे, चकचकीत, दोन झडपांचे एक आवरण असते. कोकणातल्या शिनाण्याचा अगदी लहान शिंपला उभा मिटवून ठेवावा, तसे ते दिसते. आत एकच बीजाणुकोश, म्हणजे बीसारखे काम करणाऱ्या सूक्ष्म बीजाणूंची पिशवी, असतो. तो पक्व झाला की झडपा थोड्या विलग होतात आणि काळपट बीजाणू बाहेर पडतात. मर्केंशियाच्या पाठीवर दिसणाऱ्या गोल वाट्या, ज्यांत अलैंगिक प्रजननाच्या कळ्या असतात, त्या टार्जिओनियात नसतात. म्हणून वाट्या आढळल्या तर ती जाती निश्चितपणे दुसरी आहे. नर अवयव खालच्या अंगाने निघालेल्या छोट्या आखूड फांद्यांवर असतात आणि ते शोधायला सवय लागते; पहिल्या खेपेस ते न सापडल्यास बिघडत नाही.

हे आवरण न दिसल्यास वहीत जातीचे नाव लिहू नये. प्रजातीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह घालावे. छायाचित्रावरून ओळख पटवून देणाऱ्या मोबाइल अ‍ॅपांवर या गटाबाबत भिस्त ठेवू नये, कारण खालच्या बाजूचा फोटो त्यांना क्वचितच मिळालेला असतो. आपण स्वतः फोटो काढताना वरची बाजू, उलटी बाजू व आजूबाजूची जागा असे तिन्ही फोटो काढावेत.

नमुना घेणे आणि नोंद करणे

अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय वनस्पतीचा तुकडाही उचलता येत नाही, आणि संरक्षित किल्ल्यांच्या किंवा लेण्यांच्या भिंती खरवडणे तर कुठल्याही कारणाने करू नये. इतर ठिकाणी जागामालकाला विचारून, जिथे वनस्पती भरपूर आहे तिथूनच, नखाएवढा तुकडा खालच्या पातळ मातीसह घ्यावा. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, कारण बंद ओलाव्यात तो लवकर कुजतो. कागदाच्या पाकिटात ठेवून सावलीत वाळू द्यावा. फुलझाडांप्रमाणे दाबून चपटा केल्यास वर सांगितलेले आवरण चिरडते, म्हणून जड ठोकळ्याखाली ठेवण्याचे टाळावे. नीट वाळलेला नमुना नंतर पाण्यात बुडवला की पुन्हा जवळपास मूळ आकारात येतो आणि तपासता येतो.

पाकिटावर तारीख, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, दरडीची दिशा, खालचा थर जांभा की कातळ की नुसती माती, आणि शेजारी कोणते मॉस किंवा लिव्हरवर्ट होते हे लिहावे. महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल, तर गाजराच्या तुकड्यात कायक धरून ब्लेडने आडवा पातळ छेद घ्यावा. वरच्या भागात हवेचे कप्पे व त्यांत उभे असलेले हिरवे तंतू, आणि खाली साठवणीच्या फिकट पेशींचा जाड थर स्पष्ट दिसतो.

परळात वाढवणे

घरी वाढवण्यासाठी मातीचा पसरट परळ सर्वांत चांगला, कारण तो सच्छिद्र असतो. तळाशी जांभ्याची बारीक खडी व वर चाळलेल्या साध्या मातीचा बोटाच्या पेराएवढा थर द्यावा. मातीवर आधी उकळते पाणी ओतून ती थंड होऊ द्यावी, म्हणजे बुरशी व इतर रोपांचे बी बऱ्याच प्रमाणात मरते. शेणखत, कंपोस्ट किंवा रासायनिक खत अजिबात घालू नये. त्याने शैवाल फोफावते आणि काही आठवड्यांत लिव्हरवर्ट त्याखाली दडपले जाते. कायकाचे तुकडे टोकांसह मातीवर पसरावेत, खालची बाजू मातीला पूर्ण टेकेल इतपत बोटाने दाबावेत, आणि परळ पाण्याच्या उथळ ताटलीत ठेवून खालून पाणी चढू द्यावे. शक्य असल्यास पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. बोअरवेलच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर साचत जातो.

परळावर काचेचा तुकडा तिरका ठेवावा, म्हणजे दमटपणा टिकेल आणि हवाही खेळेल. जागा उत्तरेच्या खिडकीची असावी. पट्ट्या लांब व फिकट होऊ लागल्या तर उजेड कमी पडतो आहे, आणि कडा वारंवार वळत असतील तर वारा किंवा ऊन जास्त आहे, असे समजावे. पांढरी बुरशी दिसली की काच काढून दोन दिवस माती किंचित सुकू द्यावी व बाधित तुकडा काढून टाकावा. बाल्कनीत ठेवलेल्या परळाला गोगलगायींचा त्रास होतो. त्या रात्री येतात, म्हणून बॅटरी घेऊन रात्रीच तपासणी करावी.

फेब्रुवारीच्या अखेरीस पाणी हळूहळू कमी करून बंद करावे आणि कायक मिटू द्यावेत. उन्हाळ्यात परळ ओला ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु उष्णता व ओलावा एकत्र आल्यास ही वनस्पती कोरडेपणापेक्षा लवकर मरते. परळ सावलीत, कोरड्या व हवेशीर जागी, जाळीच्या कापडाने झाकून ठेवावा. जूनमध्ये हवा थंड व दमट झाल्यावर पुन्हा ताटलीतून खालून पाणी द्यावे, वरून ओतू नये. जे तुकडे उलगडून हिरवे होतात ते ठेवावेत. जे काही दिवसांनंतरही तपकिरी व मऊ राहतात, ते मातीसकट काढून टाकावेत आणि त्या जागी शेजारच्या जोमदार पट्टीचे टोक कापून लावावे.